एक सेंटिमीटरला एक मीटर

रोमच्या कोलोसियमचा फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा बेत असेल, तर छापणाऱ्याला पाच फूट, सहा फूट असं गोल माप सांगू नये. आभाळ आणि रस्ता सोडून, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर १८८ सेंटिमीटर यायला हवेत, असं बजावावं. म्हणजे सहा फूट दोन इंच. खरी इमारत लांबीला १८८ मीटर आहे, त्यामुळे एवढा एक हट्ट धरला की भिंतीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे रोममधला एक मीटर होतो. मग शाळकरी पट्टी घेऊन खुर्चीवर चढायचं आणि मोजत सुटायचं. कॅमेऱ्यात जवळची बाजू फुगते, लांबची आक्रसते, तेव्हा हे माप काटेकोर नाही. पण कामचलाऊ आहे, आणि आपल्याला काही तिथे बांधकाम करायचं नाही.

हा उपद्व्याप करायचं कारण असं, की या अवशेषांचे भिंतीवर लावायचे फोटो बहुतेक वेळा माणसांशिवाय काढलेले असतात. आता पहाटे जाऊन काढतात, किंवा एकाच जागेवरून बरेच फोटो घेऊन संगणकावर माणसं पुसतात. पूर्वी पुसावीही लागत नसत. १८५०च्या दशकात रोममध्ये रॉबर्ट मॅकफर्सन नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ मोठमोठ्या काचांवर याच अवशेषांचे फोटो काढून प्रवाशांना विकत असे. आधी तो शल्यवैद्यक शिकलेला होता. त्याच्या काचेला प्रकाश पचवायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्यात चालता माणूस येऊन निघूनही जाई. काचेवर त्याची खूण उरत नसे. त्याच्या आधी शंभर वर्षं पिरानेसी नावाचा चित्रकार ताम्रपटावर हेच रोम कोरत होता, तर तो मुद्दाम माणसं घालायचा, आणि तीही खऱ्यापेक्षा बारकी, म्हणजे भिंती आणखी अजस्र वाटाव्यात. त्याची लबाडी मला या रिकाम्या फोटोंपेक्षा बरी वाटते. रिकाम्या फोटोत कमान दिसते, पण ती खिडकीएवढी की चार मजल्यांएवढी, हे कळायला काही मार्गच राहत नाही.

तर पट्टी लावू. तळमजल्याची एक कमान उंचीला ७.०५ मीटर, रुंदीला ४.२ मीटर. भिंतीवर ती सात सेंटिमीटर भरेल. तिच्या तळाशी पेन्सिलने एक माणूस उभा करा: १.६५ सेंटिमीटर. त्याच्या डोक्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, मग चौथा, तरी कमानीचा माथा हाताला लागत नाही. अशा कमानी खाली ऐंशी होत्या. त्यांवर कमानींच्या आणखी दोन रांगा, आणि सगळ्यांच्या वर खिडक्यांची सलग भिंत. एकूण उंची ४८ मीटर, म्हणजे आपल्या छपाईत जेमतेम अर्धा मीटर. छपाई दर इंचाला दीडशे ठिपके अशा साध्या दर्जाची असेल, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ११,१०० ठिपके येतात आणि एकेका ठिपक्याच्या वाट्याला पावणेदोन सेंटिमीटर दगड. आपला पेन्सिलीचा माणूस उंचीला शंभर ठिपकेही भरत नाही.

इमारतीखालची जागा किती? लंबवर्तुळाचं गणित केलं तर सुमारे २३ हजार चौरस मीटर, म्हणजे पाच एकर सत्तावीस गुंठे. त्यातलं मधलं मैदान, जिथे प्रत्यक्ष मारामारी चाले, ते ८३ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद. तेवढं क्षेत्र एकतीस गुंठे. पावणेसहा एकरांतले जवळजवळ पाच एकर बघणाऱ्यांसाठी आणि त्यांना आत-बाहेर नेणाऱ्या जिन्या-बोळांसाठी, आणि मरणाऱ्यांसाठी एकतीस गुंठे.

बघणारे किती होते यावर मतं वेगळी आहेत. इ.स. ३५४च्या एका रोमन यादीत ८७ हजार जागा असा आकडा दिला आहे. आजचे बहुतेक अभ्यासक तो माणसांचा आकडा मानत नाहीत. काहींच्या मते ती बाकांची लांबी असावी, रोमन फुटांत. तसं धरलं तर बाकं पावणेसव्वीस किलोमीटर होतात, आणि माणशी अर्धा मीटर दिला की साधारण ५० हजार माणसं बसतात. वानखेडेवर आज ३३ हजारांच्या आसपास मावतात, त्यावरून अंदाज यावा. खालच्या ऐंशी कमानींपैकी चार खास लोकांसाठी होत्या, त्यांच्यावर आकडा नव्हता. उरलेल्या ७६ कमानींच्या डोक्यावर आकडे कोरलेले होते, म्हणजे ज्याने त्याने आपल्या दारातून आत जावं. ५० हजारांना ७६ने भागलं की एका दाराच्या वाट्याला ६५८ माणसं येतात. सेकंदाला एकच माणूस आत सरकला तरी सगळं गाव अकरा मिनिटांत आत. दार चार मीटर रुंद, तेव्हा सेकंदाला एकाहून जास्त सहज सरकत असतील. उत्तरेकडची भिंत अजून शाबूत आहे, तिथे २३ ते ५४ हे आकडे आजही वाचता येतात. तुमचा फोटो त्या बाजूचा असेल तर भिंग घेऊन शोधायला हरकत नाही, फक्त साध्या छपाईत ते सापडतीलच असं नाही.

आता दगड. नुसत्या बाहेरच्या भिंतीला आणि मुख्य खांबांना एक लाख घनमीटर ट्रॅव्हर्टाइन लागला असा अंदाज आहे. लाख म्हटलं की आपल्या डोक्यात काहीच उमटत नाही. म्हणून त्याचा एकच चौकोनी ठोकळा करा: लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ४६ मीटर. म्हणजे इमारतीच्याच उंचीचा सलग दगडी ठोकळा! भिंतीवरच्या फोटोशेजारी तो काढायचा तर ४६ सेंटिमीटरचा चौकोन काढावा लागेल. वजन साधारण २ लाख ४० हजार टन. दगडाच्या खाणी तिवोलीजवळ, रोमपासून तीसेक किलोमीटरवर. काम इ.स. ७२च्या सुमारास सुरू झालं आणि ८० साली उद्घाटन, म्हणजे आठ वर्षं. वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं तर रोज १०० टन दगड शहरात यायला हवा. आज दहा टनी दहा ट्रक लागतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेव्हा बैल होते.

हे दगड एकमेकांना चुन्याने चिकटवलेले नव्हते. लोखंडी पट्ट्यांनी जखडले होते, आणि त्या पट्ट्यांचं एकूण वजन ३०० टन धरतात. ३०० टनांचा ठोकळा केला तर साडेतीन मीटरसुद्धा भरत नाही, आपल्याकडच्या एका बेताच्या खोलीत मावेल. दगडाचा ठोकळा ४६ मीटरचा आणि त्याला धरून ठेवणारं लोखंड खोलीभर. पायाचा हिशेब उलटा आहे. जागा होती नीरो बादशहाच्या बागेतल्या तळ्याची. तळं आटवून त्यात बारा मीटरच्या वर खोल काँक्रीट भरलं. भिंतीवरच्या फोटोत जमिनीखाली आणखी बारा सेंटिमीटर काळी पट्टी रंगवली म्हणजे इमारत जिच्यावर उभी आहे ती गोष्ट दिसेल.

एवढा पाया, एवढं लोखंड कशाला, याचं उत्तर माझ्या मते दुसऱ्याच एका गावात आहे, आणि त्या गावातल्या इमारतीचा फोटो कुणालाच छापता येणार नाही. रोमच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर फिदेने होतं. इ.स. २७ मध्ये अतिलियस नावाच्या एका मुक्त गुलामाने तिथे लाकडाचं अँफिथिएटर, म्हणजे कोलोसियमच्याच जातीची इमारत, बांधलं. हेतू धंद्याचा. तिबेरियस बादशहाला खेळ भरवायची आवड नव्हती, त्यामुळे रोमकरांना खेळाची भूक लागलेली होती. बायका-पुरुष, म्हातारे-तरुण सगळे लोटले. इमारत भरली आणि कोसळली. इतिहासकार टॅसिटस मेलेले आणि जायबंदी मिळून ५० हजार असा आकडा देतो. सुएटोनियस नुसते मेलेलेच २० हजारांच्या वर सांगतो. हे आकडे फुगवलेले असू शकतात, रोमन लेखकांना गोल आकड्यांचं वेड होतं. पण अर्धे केले तरी इतिहासातल्या अशा दुर्घटनांत याच्या जवळ जाईल असं फारसं काही सापडत नाही. टॅसिटसने कारणंही दोनच दिली आहेत: पाया घट्ट जमिनीवर घातला नव्हता, आणि वरचं लाकूड नीट जखडलं नव्हतं.

पाया आणि जखडण. पंचेचाळीस वर्षांनी बारा मीटर काँक्रीट आणि ३०० टन लोखंड. कोलोसियम बांधायला घेणाऱ्या व्हेस्पाशियन बादशहाच्या बांधकामवाल्यांच्या डोक्यात फिदेने होतं असं कुठे लिहिलेलं नाही, हा माझा तर्क आहे. पण त्या दुर्घटनेनंतर सिनेटने ठराव केला होता, तो मात्र नोंदलेला आहे: जमिनीची परीक्षा झाल्याशिवाय अँफिथिएटर बांधायचं नाही, आणि ज्याची मालमत्ता चार लाख सेस्टर्सपेक्षा कमी त्याने ग्लॅडिएटरांचे खेळ भरवायचे नाहीत. अतिलियसला हद्दपार केलं.

चार लाख सेस्टर्स म्हणजे किती, हे समजायला एक आकडा आपल्या बाजूचा आहे. प्लिनी या रोमन पंडिताची तक्रार होती, की हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ज्या ग्रंथात ही तक्रार आहे तो त्याने व्हेस्पाशियनच्या मुलाला, टायटसला, अर्पण केला आहे, आणि याच टायटसने पुढे कोलोसियमचं उद्घाटन केलं. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या बाजारांची नावं येतात. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड भडोचच्या बंदरात उतरायचं आणि तिथून पश्चिमेला जायचं. ५ कोटींना चार लाखांनी भागलं की १२५ येतात. प्लिनीचा आकडा खरा धरला, तर खेळ भरवायला पात्र अशा सव्वाशे श्रीमंतांची मालमत्ता दर वर्षी मिरी, दगड आणि मलमलीपायी हिंदुस्थानात येत होती.

कोलोसियमचा पैसा मात्र व्यापारातला नव्हता. इमारतीवरच्या एका शिलालेखाची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. मूळ लेख धातूच्या अक्षरांत दगडावर ठोकून बसवलेला होता. पुढे अक्षरं गेली, त्याच दगडावर नवा लेख कोरला गेला, पण जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं राहिली. १९९५ साली गेझा आल्फल्डी या विद्वानाने नुसत्या भोकांच्या मांडणीवरून जुना मजकूर जुळवला. त्यात निघालं ते असं, की बादशहाने हे अँफिथिएटर लुटीच्या पैशातून बांधवलं. ती लूट जेरुसलेमची, इ.स. ७०ची. इतिहासकार जोसेफस त्या युद्धातल्या कैद्यांचा आकडा ९७ हजार देतो. सतरा वर्षांवरच्या अनेकांना इजिप्तमध्ये वेठीला धाडलं, बरेच जण वेगवेगळ्या प्रांतांत वाटून दिले, तलवारीने आणि जनावरांकडून मारले जाण्यासाठी, आणि सतराच्या आतल्यांना विकलं, असं तोच लिहितो. ५० हजार आसनांची इमारत त्या कैद्यांनी जवळजवळ दोनदा भरली असती.

उद्घाटनाचे खेळ शंभर दिवस चालले. इतिहासकार कॅसियस डिओ म्हणतो, त्यात ९ हजार जनावरं मारली. दिवसाला नव्वद. आठ तासांचा खेळ धरला तर सव्वापाच-साडेपाच मिनिटांना एक. पुढे ट्राजान बादशहाने डेशियाच्या विजयानंतर १२३ दिवसांचे खेळ केले, त्यात ११ हजार जनावरं आणि १० हजार ग्लॅडिएटर. हा आकडाही डिओचाच. ११ हजारांना १२३ने भागून पाहिलं आणि मला जरा हसू आलं: एकोणनव्वद. दोन बादशहा, मध्ये पाव शतकाहून जास्त काळ, आणि दिवसाचा सरासरी हिशेब जवळपास तोच. दिवसाला नव्वद हीच सगळ्या यंत्रणेची मर्यादा असावी, असं म्हणता येईल. किंवा शंभर वर्षांनंतर लिहायला बसलेल्या डिओच्या हाताला तेवढं प्रमाण पटत असावं, असंही म्हणता येईल. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण पहिलीही सोडवत नाही, कारण ती यंत्रणा खरोखर होती.

आतल्या बाजूने काढलेल्या फोटोत मधे भुलभुलैयासारख्या भिंती दिसतात, त्या याच यंत्रणेच्या. त्या वेळी वर लाकडाची जमीन आणि तिच्यावर वाळू होती, तेव्हा हे काहीच प्रेक्षकांना दिसत नसे. टायटसच्या भावाने, डोमिशियनने, हे दोन मजली तळघर केलं. जर्मन अभ्यासक हाइन्झ-युर्गेन बेस्टे यांनी भिंतींवरच्या खाचा आणि घासल्याच्या खुणा वर्षानुवर्षं मोजून दाखवलं, की इथे जनावरांचे पिंजरे वर चढवणारे लाकडी पाळणे होते, एका टप्प्यावर अठ्ठावीस. २०१५ साली त्यातला एक पुन्हा बांधून बसवला. एका पाळण्याचा रहाट फिरवायला आठ माणसं. अठ्ठावीस आठे दोनशे चोवीस, अंधारात, दिव्याच्या धुरात, फक्त जनावर वर ढकलायला. वर आणखी एक फौज होती: छताची. भिंतीच्या माथ्याशी २४० दगडी टेकू होते, कमानीमागे तीन, त्यांवर डोलकाठ्या उभ्या करून कापडाचं छत ओढत. ते काम आरमारातल्या खलाशांचं, कारण शिडं आवरायची सवय त्यांनाच.

अँफिथिएटरं रोमन साम्राज्यात सव्वादोनशेच्या वर सापडली आहेत. भिंतीवर जागा असेल तर त्याच मापात आणखी लावता येतील. ट्युनिशियातलं एल जेम १४८ सेंटिमीटर, फ्रान्समधलं आर्ल १३६, पॉम्पेईचं १३५, क्रोएशियातलं पूला १३२. एल जेम मला सगळ्यांत आवडतं, कारण सपाट माळावर ते एकटंच ३६ मीटर उभं आहे आणि खाली भरलेला पायाच नाही. पॉम्पेईचं सगळ्यांत जुनं, इ.स.पू. ७०च्या सुमाराचं. इ.स. ५९ मध्ये तिथे शेजारच्या गावच्या प्रेक्षकांशी इतकी हाणामारी झाली, की दहा वर्षं खेळांवर बंदी आली. आर्लच्या अँफिथिएटरमध्ये मध्ययुगात दोनशेच्या वर घरं आणि दोन चर्चं होती. भिंती हाच गावकूस. १८२५पासून ती घरं हलवली, म्हणून फोटोग्राफी येईपर्यंत अवशेष पुन्हा रिकामे झाले.

कोलोसियमचं निम्म्याहून जास्त गेलं ते मुख्यतः दोन गोष्टींनी. १३४९च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत ढासळली. गाळाच्या जमिनीवरची ती बाजू कच्ची होती. मग पडलेला दगड लोकांनी नेला. १४५२च्या सुमारास एका कंत्राटदाराने पोपच्या बांधकामांसाठी २,५२२ गाड्या दगड उचलला. गाडीला टनभर धरला तर एकूण दगडाचा तो शंभरावा हिस्सा. म्हणजे तसाच उत्साह शंभरेक वर्षं टिकला असता तर भिंतीवर लावायला काही उरलंच नसतं. दगडाआधी लोखंड गेलं होतं. छापलेल्या फोटोत भिंतभर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे काळे ठिपके दिसतात. छापणाऱ्याच्या यंत्रात धूळ होती की काय असं वाटावं. ती मध्ययुगातल्या लोकांनी सांध्यांतून लोखंड उकरल्याची भोकं आहेत. खोलीभर लोखंडासाठी अख्खी भिंत पोखरली, आणि तरी ती उभी राहिली. पूर्वेकडचा ढासळायला आलेला भाग १८०७ साली राफाएले स्टर्नने विटांचा टेकू देऊन अडवला. तिथे कमानींचे दगड घसरता घसरता विटांनी पकडले आहेत आणि अजून तसेच अर्धवट घसरलेले दिसतात. फोटोने जे करायचं ते विटांनी आधीच करून ठेवलं.

आता या इमारतीला वर्षाला कोटीहून जास्त माणसं भेट देतात. दिवसाला सत्तावीस हजारांच्या वर. रिकामा फोटो हवा असेल तर एवढ्यांना पुसावं लागतं.

जुना फोटो छापून घेणाऱ्यांसाठी एक शेवटची खूण. १८५५ साली रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरने कोलोसियमवर उगवलेल्या झाडाझुडपांची यादी पुस्तकरूपाने छापली. ४२० जाती, त्यात ५६ प्रकारची गवतं आणि ४१ शेंगवर्गीय. पावणेसहा एकरांत! मॅकफर्सनच्या काळातल्या फोटोंत कमानींच्या माथ्यावर जे काळपट झुपके दिसतात ते हेच. मुळं सांधे फोडतात म्हणून १८७१ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी सगळं उपटून काढलं. तेव्हा दुकानदार तुम्हाला १८६०चा फोटो म्हणून काही विकत असेल, आणि भिंती तुळतुळीत असतील, तर भाव करायला जागा आहे.